रीफ टँक मोठ्या टँकमध्ये हलवताना: विदर्भातल्या गावात राहणाऱ्यांसाठी

तीन फुटी रीफ टँक, म्हणजे समुद्री मासे आणि कोरल (प्रवाळ) पाळायचा खाऱ्या पाण्याचा टँक, वर्ष-दीड वर्ष नीट चालला की चार फुटीची ओढ लागतेच. ती चुकीचीही नाही. पाणी जास्त असलं की तापमान आणि खारटपणा लवकर हलत नाही, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या आपल्या भागात हा फायदा मोठा आहे. पण जुन्यातून नव्यात जाण्याचा तो एक दिवस मासे आणि कोरल दोघांनाही जड जातो. नवखी माणसं बहुतेक वेळा जुनं पाणी वाचवण्याच्या मागे लागतात. टँकचा खरा जीव असतो दगडांत. माशांच्या घाणीतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू दगडांच्या छिद्रांत राहतात. हे दगड ओले राहिले, त्यांच्या भोवती पाणी वाहतं राहिलं आणि त्यांच्यावरचा गाळ जुन्या टँकमध्येच सुटला, तर बाकीचं बरंच काही सावरून घेता येतं. खाली जे जे सांगतो आहे ते याच एका गोष्टीभोवती फिरतं.

आकडे समजायला सोपे जावेत म्हणून जुना टँक ३ × १.५ × १.५ फूट, म्हणजे साधारण १९० लिटरचा, आणि नवा ४ × २ × २ फूट, म्हणजे साधारण ४५० लिटरचा धरू. तुमची मापं वेगळी असतील तर एका घनफुटात २८.३ लिटर बसतात, तसा हिशेब करा.

केव्हा हलवायचा

माझ्या मते संक्रांत झाल्यापासून होळीच्या आतले दिवस सगळ्यात चांगले. थंडीचा कडाका ओसरलेला असतो, ऊन अजून तापलेलं नसतं, आणि टबमध्ये काढून ठेवलेलं पाणी दिवसभर २४ ते २६ अंशांच्या आसपास ठेवायला फार धडपड करावी लागत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. कपाशी-सोयाबीनवरच्या फवारणीचा मोसम तोवर उरकलेला असतो. कीटकनाशकांचा अगदी थोडा अंशही कोळंबी, हर्मिट खेकडे यांसारख्या जीवांना मारतो. शेजारच्या वावरात हरभऱ्यावर किंवा तुरीवर फवारणी चालू असेल तर खिडक्या बंद ठेवा आणि दिवस पुढे ढकला. घरातला डासांचा स्प्रेही त्या खोलीत आठवडाभर मारू नका.

हलवण्याच्या आदल्या दिवशी लाइनमनला फोन करून विचारा की उद्या गावठाण फिडरवर दुरुस्तीसाठी लाइन बंद राहणार आहे का. गावात हे सहज कळतं, फक्त विचारायला हवं. तरीही इन्व्हर्टर चार्ज असू द्या आणि सेलवर किंवा बॅटरीवर चालणारे दोन एअर पंप हाताशी ठेवा.

जागा आणि स्टँड

वेल्डर विचारेल, "इतला जड स्टँड काहून पाहिजे भाऊ?" त्याला वजन सांगा. ४५० लिटर खारं पाणी सुमारे ४६० किलो, १२ मिलिमीटर काचेचा टँक ९० किलोच्या आसपास, वर दगड, वाळू आणि स्टँड. सगळं मिळून साडेसहाशे-सातशे किलो एकाच जागी, वर्षानुवर्षं उभं राहणार. सारवलेल्या जमिनीवर किंवा माळवदावर हे ठेवू नका. पक्कं काँक्रीट असलेली, भिंतीलगतची, खालच्या मजल्यावरची जागा निवडा.

आपल्याकडे काळ्या मातीची एक अडचण आहे, जी शहरातल्या माणसांनी लिहिलेल्या माहितीत सापडत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. तिच्यावर बांधलेल्या घराची फरशीही मोसमागणिक थोडी वरखाली होते. म्हणून स्टँडच्या पायांना फिरवून उंची बदलता येईल असे बोल्ट लावून घ्या, आणि टँक बसवताना मिस्त्रीच्या पाणसळीने लांबी-रुंदी दोन्हीकडे तपासा. पाण्याची पातळी एका कोपऱ्यात दुसऱ्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त दिसली तर टँक रिकामा करूनच दुरुस्त करा. भरलेल्या टँकखाली बोल्ट फिरवायला जाऊ नका, काचेला पीळ बसतो. पहिल्या पावसाळ्यानंतर पातळी पुन्हा बघा. ती सरकली असेल तर पाणी बरंच उतरवून मगच बोल्टला हात लावा.

लोखंडी स्टँडला रेडऑक्साइडचे दोन हात आणि वर इनॅमल पेंट द्या, खाऱ्या पाण्याचा शिंतोडा लोखंड खातो. रंगाचा वास पूर्ण गेल्याशिवाय स्टँड टँकच्या खोलीत आणू नका.

टँक गावातल्या किंवा तालुक्याच्या काचवाल्याकडून जोडून घेतलात तर सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक मिसळलेलं आहे का ते ट्यूबवर वाचा. बाथरूमसाठी विकलं जाणारं सिलिकॉन बहुतेक तसंच असतं आणि ते चालत नाही. जोड आठवडाभर वाळू द्या. मग टँक त्याच स्टँडवर, खाली फोमशीट घालून, बोअरच्या साध्या पाण्याने काठोकाठ भरा आणि तीन दिवस तसाच ठेवा. खालच्या कडेवर कोरडं फडकं फिरवत राहा. ओल लागली नाही तर पुढे जायचं.

विजेबद्दल थोडक्यात पण नक्की सांगतो. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं. घराला चालू अर्थिंग हवंच. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी टाकत जा. टँकच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या. प्रत्येक वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोळ घेऊन जाऊ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकेल.

दगड आणि वाळू

मोठ्या टँकला दगडही जास्त लागतात. वणी, कोरपना, गडचांदूर भागात चुनखडीचा तोटा नाही, आणि रीफ टँकला चुन्याचा दगड लागतो हे वाचून तिथले दगड आणण्याचा मोह होतो. तो दगड घट्ट असतो, जिवाणूंना राहायला छिद्रं नसतात, आणि आत कुठल्या धातूच्या रेषा आहेत हे डोळ्यांना दिसत नाही. मत्स्यालयासाठी बनवलेला सच्छिद्र सिरॅमिक दगड मागवा. तो हलवण्याच्या महिनाभर आधी जुन्या टँकच्या सम्पमध्ये (फिल्टरच्या टाकीत) किंवा वेगळ्या ड्रममध्ये, वाहत्या खाऱ्या पाण्यात, जुन्या दगडाच्या एखाद्या तुकड्यासोबत ठेवला की त्यावर जिवाणू बसायला लागतात.

"लाइव्ह रॉक" (समुद्रातून काढलेला जिवंत दगड) किंवा दगडी कोरलाचे तुकडे स्वस्तात देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या समुद्रातून ते काढणं आणि विकणं गुन्हा आहे, आणि मेलेला तुकडाही त्यातून सुटत नाही. झोअँथिड, मशरूम, लेदर असल्या मऊ कोरलांत आणि हॅचरीत पैदास झालेल्या क्लाउनफिशमध्ये नवख्याला करण्यासारखं भरपूर आहे.

वाळू अरॅगोनाइटचीच (कॅल्शियम कार्बोनेटची) घ्या. वैनगंगेची रेती दिसायला सुंदर असली तरी ती सिलिकाची आहे, तिचा इथे उपयोग नाही. नवी वाळू बादलीत थोडी थोडी घेऊन, पाणी निवळ येईपर्यंत धुवा. शेवटचं पाणी आरओचं असू द्या.

जुनी वाळू नव्या टँकमध्ये न्यायची नाही. पैसे वाचतील असं वाटतं, पण सगळ्यात जास्त टँक इथेच बसतात. वर्षभरात वाळूच्या खालच्या थरात गाळ साचतो. तो हलला की अमोनिया सुटतो, आणि खोल थर काळा पडलेला असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड, माशांना विष. वरच्या थरातली एक वाटीभर स्वच्छ वाळू बियाणं म्हणून घेतलीत तर पुरे.

पाणी

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात राहणारे मला विचारतात, आमची विहीरच खारी आहे, मग मीठ कशाला? त्या पाण्यातले क्षार आणि समुद्रातले क्षार यांचं प्रमाण वेगळं असतं. रीफ टँकच्या पाण्यात कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १,३०० च्या आसपास मिलिग्रॅम प्रति लिटर आणि क्षारता ८-९ डीकेएच (क्षारता मोजायचं एकक) हा मेळ कोरलाला लागतो. विहिरीच्या पाण्यात तो मिळत नाही. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत फ्लोराइड जास्त आहे, शेतालगतच्या विहिरींत खतांचा नायट्रेट उतरतो, आणि ग्रामपंचायतीच्या टाकीत ब्लिचिंग पावडर पडते. म्हणून सुरुवात नेहमी शून्य टीडीएसच्या, म्हणजे विरघळलेले क्षार नसलेल्या, पाण्यापासून करायची.

गावातल्या आरओ प्लांटचा वीस लिटरचा कॅन चालतो का? तसाच नाही. त्याचा टीडीएस पेनवर बहुतेक वेळा ५० ते १०० दाखवतो. तेच पाणी डीआय रेझिनच्या (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांच्या) नळीतून गाळून घेतलं की शून्यावर येतं, आणि खाऱ्या बोअरवर घरचा आरओ लावून त्याचा मेंब्रेन संपवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. घरचाच आरओ वापरायचा असेल तर त्याचा टीडीएस कंट्रोलर बंद करून घ्या, कारण तो गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी मिसळतो.

आपल्या उदाहरणात दगड-वाळूची जागा सोडून नव्या टँकला ४०० लिटरच्या आसपास पाणी लागेल. जुन्यातून १०० ते १२० लिटर वरचं स्वच्छ पाणी मिळेल. म्हणजे ३०० लिटर नवं, आणि ५० लिटर राखीव. रीफ सॉल्ट लिटरमागे साधारण ३६ ते ३८ ग्रॅम लागतं, म्हणजे सगळं मिळून १३ किलोच्या आसपास. ते कुरिअरने यायला वेळ लागतो, आधीच मागवा. पाण्यात मीठ टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर कॅल्शियम खाली पांढऱ्या साक्यासारखं बसतं. पंप लावून २४ तास फिरू द्या, मग रिफ्रॅक्टोमीटरवर खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे विशिष्ट गुरुत्व (ग्रॅव्हिटी) १.०२५-१.०२६ आली का बघा. मापायचं यंत्र आधी ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवून घ्या.

ड्रम-बादल्यांबद्दल फार कडक राहा. फवारणीच्या पंपाजवळ ठेवलेली, औषध कालवलेली किंवा खताची बादली कितीही धुतली तरी या कामाला वापरायची नाही. निळे ड्रम कशाचे होते ते विकणाऱ्याला ठाऊक नसतं, तेव्हा नवीन खाण्याच्या दर्जाचेच घ्या. आणि घरातला तांब्या, गुंड, पितळेची बादली टँकजवळ येऊ देऊ नका. तांबं पाण्यात उतरलं की कोळंबी, गोगलगाई, कोरल यांचं मरण ओढवतं. प्लास्टिकचा नवा मग घ्या आणि त्यावर खूण करून ठेवा, म्हणजे घरातलं कुणी मदतीला आलं तर चुकून दुसरा उचलणार नाही.

हलवण्याचा दिवस

आदल्या दिवशी माशांना खायला देऊ नका. पोट रिकामं असलं की टबमध्ये घाण कमी होते. दोन माणसं मदतीला बोलवा, सकाळी लवकर सुरुवात करा.

आधी हीटर बंद करा आणि वीस मिनिटं तसाच पाण्यात राहू द्या. गरम हीटर पाण्याबाहेर आला की तडकतो. मग पंप बंद करा आणि दगडांना हात लावण्याआधी वरचं पाणी सायफनने स्वच्छ ड्रममध्ये काढून घ्या, साधारण अर्ध्याच्या थोडं वर. हा क्रम मोडू नका. दगड एकदा हलले की पाणी गढूळ होतं आणि मग ते वाचवण्यात अर्थ राहत नाही.

हातात लांब रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा घाला. झोअँथिडच्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं फार घातक विष असतं. हाताला जखम असेल किंवा चिळकांडी डोळ्यात गेली तर दवाखाना गाठावा लागतो. हे कोरल असलेले दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकायचे नाहीत, गरम पाण्याने घासायचेही नाहीत. त्या वाफेने घरातली माणसं आजारी पडतात. लहान मुलांना या दिवशी खोलीबाहेर ठेवा.

आता सुटी कोरल काढा आणि जुन्या पाण्याच्या टबमध्ये, एकमेकांना न लागतील अशी ठेवा. लेदर कोरल हात लागताच आकसून चामड्याच्या गोळ्यासारखं होतं, घाबरू नका, ते चार-पाच दिवसांत, कधी जास्त दिवसांनी, पुन्हा उघडतं. अ‍ॅनिमोन दगडाला चिकटलेला असेल तर ओढून काढू नका. त्याचा तळवा फाटला की तो सडतो आणि पूर्ण टँक घेऊन जातो. तो दगडासकट उचला.

मग दगड. मधोमध एक बादली जुन्या पाण्याची ठेवा. प्रत्येक दगड त्यात बुडवून, दोन्ही हातांनी धरून पाण्याखालीच चार-पाच वेळा जोरात हलवा. पहिल्याच दगडाला छिद्रांतून तपकिरी ढग बाहेर येतो आणि बादलीचा तळ दिसेनासा होतो. हा गाळ इथे सुटला हेच सगळ्यात मोठं काम झालं. दोन-तीन दगडांमागे बादलीतलं पाणी बदला. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका, जिवाणू मरतात. खंगाळलेला दगड लगेच दुसऱ्या ड्रममध्ये, पूर्ण बुडेल असा, आणि त्या ड्रममध्ये वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) चालू ठेवा. दगड उलटा करून छिद्रांत बघा, लहान गोबी आणि कोळंबी आत दडून बसतात.

मासे सगळ्यात शेवटी. दगड निघाले आणि पाणी सहा-सात इंच उरलं की त्यांना पळायला जागा नसते, प्लास्टिकच्या डब्यात हाकलून सहज पकडता येतात. जाळीत खवले आणि काटे अडकतात, डबा बरा. त्यांचा टब झाकून, अंधारात, एअर पंप लावून ठेवा. तळाशी उरलेलं गढूळ पाणी आणि वाळू सोडून द्या. ते अंगणातल्या झाडांना घालू नका, मीठ झाड मारतं.

नव्या टँकमध्ये आधी दगड, मग वाळू. दगड थेट तळावर, खाली प्लास्टिकची जाळी घालून बसवा. वाळूवर रचले तर वाळू उकरणारे मासे किंवा कोळंबी खालून पोखरतात आणि ढिगारा काचेवर कलंडतो. काचेपासून चार इंच अंतर सोडा, पुढे काच घासायला चुंबक तिथून जावा लागतो. दगड रचेपर्यंत त्यांच्यावर मगाने खारं पाणी टाकत राहा. मग धुतलेली वाळू भोवती पसरा, तिच्यावर ताट उपडं ठेवा आणि नवं पाणी त्या ताटावर हळूहळू सोडा. शेवटी जुनं पाणी. पंप, हीटर, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) सुरू करा.

पाणी तासाभरात बरंच निवळतं. टबमधलं आणि टँकमधलं तापमान व खारटपणा ताडून बघा. ग्रॅव्हिटीचा फरक ०.००१ च्या आत आणि तापमान एका अंशाच्या आत असेल तर कोरल आणि मासे थेट सोडता येतात. फरक जास्त असेल तर टबमध्ये सलाइनच्या नळीने थेंब थेंब नवं पाणी पाऊण तास सोडा. मासे संध्याकाळी, टँकचे दिवे बंद ठेवून सोडले की ते कमी बिचकतात. पाणी दुसऱ्या दिवशीही धुरकट दिसलं तर चिंता करू नका, बारीक वाळूची ती पूड असते.

पुढचे सहा आठवडे

पहिला आठवडा रोज अमोनिया तपासा. ०.२५ मिलिग्रॅम प्रति लिटर किंवा त्याहून वर दिसला तर राखून ठेवलेलं ५० लिटर पाणी वापरा, आणि लगेच पुढचं बनवायला घ्या. खायला चिमूटभर, दिवसाआड. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी सम्पमध्ये टाकून ठेवा. हाताळलेली कोरल पाण्यात काहीबाही सोडतात, ते त्यात अडकतं. स्किमर पहिले काही दिवस उतू जाईल किंवा अजिबात फेस धरणार नाही, त्याला स्थिरावू द्या.

नवा दिवा बहुतेक जास्त तेज असतो. तो ४० टक्क्यांवर सुरू करून तीन आठवड्यांत हळूहळू चढवा, नाहीतर कोरल पांढरं पडतं. दोन-तीन आठवड्यांत वाळूवर तपकिरी थर येईल. ते डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल, आपोआप कमी होतात. ते महिना उलटूनही वाढतच राहिले तर डीआय रेझिन संपलं का बघा, कारण त्यांना सिलिकेट तिथूनच मिळतं. जागा रिकामी दिसते म्हणून नवे मासे आणायची घाई करू नका, सहा आठवडे जाऊ द्या.

होळीनंतर ऊन चढेल. आपली उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळे पाण्यावर फिरणारा साधा पंखा तापमान दोन-तीन अंश उतरवतो, कूलर असलेल्या खोलीत तर बऱ्याच वेळा चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) निभतं. त्याच्या बदल्यात रोज पाचेक लिटर पाणी उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर नेहमी शून्य टीडीएसच्या गोड्या पाण्याची घाला, खाऱ्या पाण्याची नाही. मृग लागून हवा दमट झाली की पंख्याचा परिणाम जवळजवळ संपतो, तेव्हा थर्मामीटरवर नजर ठेवा.

जुना तीन फुटी टँक विकू नका. तो व्हिनेगर घातलेल्या पाण्याने धुऊन, वाळवून, नव्या माशांना चार आठवडे वेगळं ठेवण्यासाठी वापरा. माशांवर तांब्याचं औषध करायची वेळ आली तर ते तिथेच करा, आणि त्या टँकची जाळी, पाइप, डबा वेगळ्या रंगाचे ठेवा, म्हणजे ते मोठ्या टँकमध्ये कधीच बुडणार नाहीत.